फण्या दोनच

आमच्या आबांच्या बागेत एकदा असा घड निसवला की त्याची पहिली फणी पिकली, ट्रकात बसून दिल्लीला गेली, लोकांनी खाऊन सालं फेकली, तरी शेवटची फणी झाडावर हिरवीच होती. तो घड बघायला बऱ्हाणपूरहून एक निवृत्त पैलवान आला होता, आणि वर बघता बघता त्याची मान जी लचकली ती पुन्हा सरळ झाली नाही. ही गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली तेव्हा दुसरीत होते. तेव्हा तीत पैलवान नव्हता. तो मी आठवीत घातला.

ज्यांच्या घरी केळी डझनावर येतात त्यांच्यासाठी सांगते. केळीच्या घडाला थरावर थर असतात, त्या एकेका थराला फणी म्हणतात. चांगल्या घडाला नऊ-दहा फण्या असतात. दोन फण्यांचा घड म्हणजे नुसता दांडा, व्यापारी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. म्हणून रावेरकडे, आमच्या घरात, कुणी पोकळ ऐट मिरवायला लागलं की आई म्हणायची, "राहू दे, फण्या दोनच आहेत." याच वाक्यानं मी माझं तोंड काळं करून घेतलं.

मी धुळ्याला, देवपूरच्या एका कॉलेजात होते. वसतिगृहात माझी कीर्ती अशी की मी जिना चढायला लागले की तिसऱ्या मजल्यावरच्या मुली आधीच हसायला लागायच्या. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात कथाकथनाला कॉलेजातून एकच जण जातो, आणि दोन वर्षं ती एकच जण मी होते. दोन्ही वर्षी मला उत्तेजनार्थ मिळालं. उत्तेजनार्थ म्हणजे नंबर आला नाही पण घरी सांगायला काहीतरी हवं, त्यासाठीची सोय. घरी मी पहिला नंबर सांगितला होता.

तिसऱ्या वर्षी माझ्या शेजारच्या खाटेवर एक मुलगी आली. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची. दोन महिने तिनं खोलीत एकूण चाळीस शब्द वापरले असतील, त्यातले वीस "दिवा बंद करू का". केस कमरेखाली, तेल लावून घट्ट वेणी. मी तिला जवळजवळ सामानात धरलं होतं. मग कथाकथनाच्या निवडीला ती उठून उभी राहिली.

मला वाटलं, खिडकी लावायला उठली असेल. ती पुढे गेली आणि बोलायला लागली. मी गोष्ट सांगते तेव्हा लोकांच्या कानात शिरून सांगते. ती सांगायला लागली तेव्हा लोकांनी आपले कान उचलून तिच्याजवळ नेऊन ठेवले. तिची दोन वाक्यं झाली आणि मला एकदम तहान लागली. मी बाहेर गेले. पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून आतला हशा मोजला. अकरा वेळा. मी ग्लासभर पाणी प्यायला अकरा हशांएवढा वेळ घेतला.

दुसऱ्या दिवशी कथाकथनाच्या सरांनी मला बोलावलं. "बेटा, यंदा तिला पाठवतोय. तू राखीव. तुझा अनुभव मोठा आहे, तिला मदत कर."

"हो सर, का नाही सर," असं मी म्हणाले. आतून माझा असा जाळ झाला होता की माझ्यावर मेसच्या भाकरी भाजता आल्या असत्या.

आणि भाकरीवरून सांगते. मेसच्या अक्कांनी आजवर मला कडेची खरपूस भाकरी कधी दिली नव्हती, माझ्या विनोदांवर त्या पदर तोंडाला लावून हसायच्या तरी. हिला मात्र, "ये आंडेर, आजून भाकर ले," म्हणत खरपूसच निवडून द्यायच्या. आंडेर म्हणजे मुलगी. मला त्या "रावेरवाली" म्हणायच्या. मग मला सगळंच दिसायला लागलं. तिची चादर माझ्या चादरीपेक्षा सरळ. तिच्या चपला दाराशी जोडीनं बसलेल्या, माझ्या एक इकडे एक खाटेखाली. गच्चीवर केस वाळवायला बसली की उन्हालाही तिच्याच बाजूला यावंसं वाटायचं. हेवा फार कामसू असतो. तो सुट्टी घेत नाही.

आमच्या कॉलेजच्या नावानं मोबाईलवर एक कबुलीचं पान होतं. कोण चालवायचं कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्ही मजकूर पाठवायचा, तो तुमच्या नावाशिवाय तिथे लागायचा. बहुतेक वेळा कुणाला कोण आवडतं, कोणत्या सरांच्या तासाला किती झोप येते, असलं काहीतरी. एका दुपारी, ती माझ्यासमोर बसून वहीत गोष्ट घोटत असताना, मी त्या पानाला एक ओळ पाठवली:

"डोंगरावरची बाई निघाली महोत्सवाला. फण्या मात्र दोनच."

मला ती ओळ इतकी आवडली की मी स्वतःशीच मान डोलावली. आईचं वाक्य, आबांची बाग, आणि निशाणा बरोबर. हिच्या गोष्टीत ऐवज दोन फण्यांचा, बाकी दांडा. आता कॉलेज हसेल, असा माझा अंदाज होता.

कॉलेज हसलं. पण भलत्याच गोष्टीला हसलं.

घड, केळी, बाग, यातला एक शब्दही मी लिहिला नव्हता. रावेरला लिहायची गरज नसते. धुळ्यात फणी म्हणजे केस विंचरायची. संध्याकाळपर्यंत त्या ओळीखाली शंभरेक जणांनी लिहिलं होतं, बरं, साठेक. "दोन फण्या कशाला? एक मोडते का?" "डोंगरावर उवा मोठ्या असतात, एकीनं भागत नाही." कुणीतरी वाचनालयात मागून काढलेला तिचा फोटो टाकला, तेल लावलेली वेणी अख्ख्या पडद्यावर. दुसऱ्यानं त्या वेणीत फणीची चित्रं खोचली. ती चित्रं वर्गाच्या ग्रुपवर गेली, तिथून वसतिगृहाच्या, तिथून आणखी कुठे कुठे. दोन दिवसांत तिचं नाव गेलं आणि फणी हे नाव लागलं.

तुम्हाला वाटेल, मला तेव्हा पश्चात्ताप झाला. तो मलाही व्हावा असं वाटत होतं. पण खरं सांगायचं तर मला राग आला, आणि तो असा की माझा विनोद कुणाला कळलाच नाही. उवांवर काय, कुणीही हसवेल. माझ्या ओळीत एक शेती होती, एक पिढी होती, आणि हे लोक तिच्यावर कंगवे फिरवत होते. शिवाय त्या उवावाल्याला माझ्यापेक्षा जास्त हसरे चेहरे मिळाले होते. मला त्याचाही हेवा वाटला. ज्या मुलीला सगळे छळत होते तिच्याबद्दल बोललं जातंय, याचासुद्धा हेवा वाटला. यात मी काही फुगवत नाही. फुगवायला जागाच नाही.

मग ते पडद्यावरून खाली उतरलं. मुलं खिशात छोटी फणी ठेवायची आणि ती वर्गात उत्तर द्यायला उभी राहिली की मागून अंगठा फणीच्या दातांवरून फिरवायची. कर्र. एवढंच. मोठा आवाज नाही, सर फळ्याकडे वळले असतील तर त्यांना कळतही नाही. तिच्या बाकावर फण्या ठेवलेल्या असायच्या, तुटक्या दातांच्या, रंगीबेरंगी. ती त्या उचलून बाजूला ठेवायची आणि बसायची. रेक्टरबाईंकडे कुणीतरी तक्रार केली, त्या म्हणाल्या, "मोबाईल कमी बघा म्हणून सांगते तरी मी." तालमीत सरांसमोर ती गोष्ट सुरू करायची, दाराबाहेरून कर्र व्हायचं, आणि तिचं पुढचं वाक्य जायचं. पाच वेळा गेलं, गोष्ट दुसऱ्या वाक्यापुढे सरकलीच नाही. मी राखीव होते ना, मी तिथेच बसून मोजत होते.

एका बुधवारी सरांनी मला गाठलं. "ती नाही म्हणतेय. तू तयारी ठेव, बेटा."

बास. हवं ते मिळालं. मी पांझरेच्या पुलावरून चालत गावात गेले, एक चहा प्यायले, परत आले, आणि माझ्या पायांना जमीन लागत होती की नाही मला आठवत नाही. जेवायला मेसमध्ये बसले तेव्हा मी एकटीच सात जणींएवढी बोलत होते.

आमच्या टेबलावर चाळीसगावची एक मुलगी होती. बोलायला तिखट, आणि दुसऱ्याच्या ताटातली लोणच्याची फोड आपली म्हणून उचलणारी. विषय फणीवर आला. ही शेवभाजीत भाकरी बुडवत म्हणाली, "पहिला तो जोक कुणी टाकलेला माहितीये का? मी."

"तू?" मी विचारलं.

"मग. दोन फण्या. सुचलं आपलं असंच बसल्या बसल्या."

"कशावरून सुचलं?"

"अगं केसांवरून. आणखी कशावरून?"

टेबलावरच्या मुली तिच्याकडे कौतुकानं बघायला लागल्या. एकीनं तिच्या पाठीत थाप मारली. माझी ओळ, माझ्या आईचं वाक्य, आणि थाप चाळीसगावला. त्या क्षणी माझ्या अंगात जे आलं ते मी सांगू शकत नाही, आणि न सांगता येणारी गोष्ट माझ्या आयुष्यात विरळा.

"तुला फणी म्हणजे काय तेही माहीत नाही," मी म्हणाले. "ती केसांची नाहीच मुळी. ती घडाची फणी. केळीच्या. दोन फण्यांचा घड म्हणजे नुसता दांडा, असा त्याचा अर्थ. केसांवरून म्हणे. तू केळं कधी झाडावर बघितलंयस का?"

चाळीसगावनं हातातली भाकरी ताटात ठेवली. मग ती सावकाश म्हणाली, "तुला गं कसं माहीत?"

"अंदाज," मी म्हणाले.

माझ्या मागे कुणीतरी उभं होतं. शेजारच्या खाटेवरची ती, ताट घेऊन हात धुवायला चालली होती. तिनं माझ्याकडे बघितलं, ताट ठेवलं, हात धुतले, पुसले, आणि गेली. अक्का तव्यावरून म्हणाल्या, "रावेरवाली, तुनं जेवण थंड व्हई ऱ्हायनं." खरंच थंड झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. ती तिथे होती, केस मोकळे सोडून पाण्याच्या टाकीला टेकून बसलेली. मी परत फिरणार होते.

"बस ना," ती म्हणाली. "काल तू चुकीचं नाही सांगितलंस. घडाचीच."

मी ओल्या चादरीचा पिळा हातात धरून उभी.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "आम्ही दरवर्षी तुमच्याकडे यायचो, घड वाहायला. आई, काकी, मी. चौथीपासून मीसुद्धा. दोन फण्यांचा घड कुणाला म्हणतात मला नाही कळणार? अख्ख्या कॉलेजात असं बोलणारं एकच घर आहे. ते माझ्या शेजारच्या खाटेवर झोपतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले. तुले गप बसता येत नाही, हे बठ्ठासले माहीत शे." बठ्ठासले म्हणजे सगळ्यांना. पहिल्यांदाच ती माझ्याशी घरच्या बोलीत बोलली, आणि ती माझी थट्टा होती.

मग तिनं मला एक गोष्ट सांगितली, आणि त्यात गंमत नव्हती. घड डोक्यावर घेतला की कापलेल्या दांड्यातून चीक गळतो. कपड्यावर पडला तर डाग जात नाही. केसांत पडला तर केस चिकटून दोरी होते. बायका डोक्याला फडकं बांधतात, तरी मुलींचे केस वाचत नाहीत. तिची आई दर हंगामाला विळ्यानं तिचे केस कापून टाकायची. दहावीपर्यंत तिचे केस कानाखाली आले नव्हते. घड वाहायचं सुटलं तेव्हा वाढले. पहिली फणी तिनं अकरावीत घेतली, आठवडी बाजारात, हिरव्या रंगाची.

"तशीच एक हिरवी परवा बाकावर ठेवलेली," ती म्हणाली. "मला वाटलं माझीच कुणी पेटीतून काढली. खोलीत येऊन बघितलं आधी."

मी हातातली चादर दोरीवर टाकली आणि तिच्याजवळ बसले.

"मला जायचंय महोत्सवाला, जळगावला," ती म्हणाली. "पण तो आवाज आला की माझं वाक्य जातं. त्यांना वाटतं तो विनोद कुणाचाच नाही, म्हणून सगळ्यांचा आहे. तू लिही. तुझ्या नावानं. वर्गाच्या ग्रुपवर."

"सगळे मला खातील."

"हो," ती म्हणाली.

मी तिथेच बसून मोबाईलवर लिहिलं आणि तिला दाखवलं. सुरुवात अशी होती: "मत्सराच्या वणव्यात अख्खा सातपुडा जळावा तशी मी जळत होते."

तिनं वाचलं. "सातपुड्याला काय झालंय? तो तिकडेच आहे. खोड ते."

दुसऱ्यांदा मी लिहिलं की आज रडत रडत हे लिहीत आहे. ती म्हणाली, "तू रडली नाहीस." मी म्हणाले, "रडेन की." ती म्हणाली, "मग तेव्हा लिही." तिसऱ्यांदा मी माझं बालपण घातलं, ते तिनं वाचलंही नाही, अंगठ्यानं वर सरकवलं. चादर वाळली तोवर तीन ओळी उरल्या होत्या:

"फण्या दोनच हे मी पाठवलं. ते केसांबद्दल नव्हतं, तिच्या गोष्टीबद्दल होतं, आणि तिची गोष्ट मी ऐकलेली नाही. तिची जागा मला हवी होती."

खाली माझं नाव. इतकं लहान आणि इतकं खरं मी त्याआधी काही लिहिलं नव्हतं. पाठवायचं बटण दाबताना माझा अंगठा त्या मुलांच्या अंगठ्यासारखाच वाटला मला.

पुढचे काही दिवस कसे गेले ते थोडक्यात सांगते, कारण त्यात माझा पराक्रम नाही. माझ्या बाकावर सतरा फण्या आल्या. बरं, चार. जिना चढताना आता हशाऐवजी कर्र ऐकू यायचं. चाळीसगावच्या मुलीनं सगळ्यांना सांगितलं की तिला आधीपासूनच संशय होता. तिच्या बाजूचा आवाज एकदम थांबला असं नाही. पण आता तो दोघींत वाटला गेला, आणि अर्ध्या माणसांना कळेना की कुणाच्या पाठीमागे वाजवायची. सरांनी मला बोलावलं, बराच वेळ कागद चाळले आणि म्हणाले, "बेटा, तू आता राखीवसुद्धा नाहीस."

ती सरांकडे गेली आणि म्हणाली, मी जाते. वर म्हणाली, हिलाही न्या. सरांनी विचारलं, कशाला? "हिनं गोष्ट ऐकायची राहिलीये."

तर मी जळगावला गेले, एस.टी.नं, मांडीवर तिची पिशवी घेऊन. सभागृहात सरांनी मला पहिल्या रांगेत बसवलं, पाण्याच्या टाकीपासून लांब.

तिची गोष्ट एका आबांची होती. ते आबा बागेच्या बांधावर सावलीत बसतात आणि घड वाहणाऱ्या बायकांना गोष्टी सांगतात. बायका डोक्यावर ओझं घेऊन जातात-येतात, त्यामुळे प्रत्येक खेपेला त्यांना गोष्टीचा एकेक तुकडा ऐकू येतो. आबा सांगतात, माझ्या बागेत एकदा असा घड निसवला की पहिली फणी दिल्लीत खाल्ली तरी शेवटची झाडावर हिरवी.

मी खुर्चीचा हात धरला.

तिथेच मागून आवाज आला. कर्र. आमच्याच कॉलेजची मुलं टाळ्या वाजवायला आणली होती. ती थांबली. माझ्या तोंडात मेसमधल्या त्या थंड भाकरीची चव आली. वाक्य गेलं, मी म्हटलं. तिनं मागच्या रांगेकडे मान वळवली, जरा ऐकल्यासारखं केलं, आणि शांतपणे म्हणाली, "हां. दांडा कापताना असाच आवाज येतो." आणि गोष्ट पुढे गेली, जणू तो आवाज तिनंच सांगून आणवला होता. परत तो आला नाही. आता कर्र केलं असतं तर ते तिच्या गोष्टीत काम केल्यासारखं झालं असतं.

शेवटी डोक्यावर घड घेतलेली एक म्हातारी बांधाशी थांबते आणि विचारते, "आबा, बठ्ठं खरं. पण तो घड बांधापर्यंत वाहिला कोणी?" आबा विचारात पडतात. बायका चार खेपा करून येतात. आबा अजून विचारात.

सभागृह हसत होतं आणि मी आठवत होते. दुसरीपासून मी आबांकडून ऐकलेला तो घड सांगते. त्यात मी ट्रक घातला, बऱ्हाणपूर घातलं, पैलवानाची मान घातली. वाहणारं कुणी घालावं असं मला एकदाही सुचलं नाही. हेवा वाटला तो याचा, आणि हा हेवा आधीच्यापेक्षा वाईट होता, कारण याच्यावर कुठल्या पानाला ओळ पाठवून भागणार नव्हतं.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी होती. असे आबा आमच्याकडे प्रत्येक बागेत असतात, तेव्हा ते कुणाचे आबा हे मी विचारणार नव्हते. पारोळ्याच्या अलीकडे न राहवून दुसरंच विचारलं.

"त्या आबांच्या गोष्टीत पैलवान होता का गं? मान लचकलेला?"

"नाही. कोण पैलवान?"

"तो मी घातलेला."

तिनं माझ्याकडे वळून बघितलं. कुणाच्या बांधावर ती गोष्ट तिनं ऐकली होती ते आता दोघींनाही कळलं होतं. "मग तो तुझा," ती म्हणाली. "तो ठेव तू." आणि पिशवीतून हिरवी फणी काढून वाऱ्यानं सुटलेले केस विंचरायला लागली.

तिचा दुसरा नंबर आला. पहिला आला असता तर हे लिहायला मला आणखी काही वर्षं लागली असती.